जिताडा सोडला तो दिवस

बुधवार, १२ जून

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. बोटीला नवा रंग दिला. तुझ्या खोलीत आता मासे धरायचे रॉड आणि रिळं झोपतात. आईची कटकट चालू आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम.

खाडीत जिताडा फार कमी झालाय. हौशी गिऱ्हाईकं दिवसभर गळ टाकून हात हलवत परत जातात. बाबांचा नियम तुला ठाऊकच आहे: लहान ती मादी, सोडून द्यायची, मोठा तो नर, खुशाल घ्यायचा. बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते हे दरडावून सांगायचे. तू शिकून आलास आणि भरल्या ताटावर म्हणालास, "बाबा, उलटं आहे. जिताडा आधी नर असतो, चांगला वाढला की मादी होतो. तुम्ही इतकी वर्षं आयाच मारताय." ते ताटावरून उठले आणि तू घरातून. माझा तुझ्यावरही राग आहे, सांगून ठेवते. खरं होतं, पण जरा गोडीत सांगता आलं असतं.

परवा खाडीच्या तोंडाशी एका गिऱ्हाइकाच्या गळाला भलामोठा जिताडा लागला. याच दिवसांत ते कांदळवनाकडून खाली उतरतात, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला. मासा बोटीशी आला. गिऱ्हाईक फोटोसाठी केस सारखे करत होतं. बाबा वाकले, गळ सोडवला आणि कल्ले नीट हलायला लागेपर्यंत मासा पाण्यात धरून ठेवला. मग म्हणाले, "जा बाई. पोरं येऊ देत खाडीत."

गिऱ्हाईक खूप बोललं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. परतताना सुकाणू माझ्या हातात दिलं. आजवर कधी दिलं नव्हतं.

वर 'सगळं ठीक' लिहिलं ते सवयीने. त्यांच्या पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत. ती त्यांची शेवटची फेरी होती आणि निघताना ते त्यांना माहीत होतं. मला खूप भीती वाटते, दादा.

ते तुला बोलावणार नाहीत. जीव गेला तरी शब्द मागे घ्यायचे नाहीत, तू ओळखतोस त्यांना. पण काल भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला कळवलंस का, आपण मासा सोडला ते?"

म्हणून कळवते आहे. आता निघ.

दाराशी खुर्ची ओढून बसलेल्या बाबांची आणि तुझी,
धाकटी