चिंध्या बांधलेले दुधी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा भाऊ गेला, तरी परसातलं काम थांबलेलं नाही. थंडी सरताना मी माती उकरून खत मिसळलं, उन्हाळ्यात वाफ्यांवर पाचोळा पसरला, पावसाआधी मांडव बांधला. हात करतात, मी बघत असते.

बियाण्यासाठी एक दुधी वेलावरच राखून त्याला चिंधी बांधायची, हे मात्र त्यांचं काम. "हा आता जावई, याला विळी दाखवायची नाही," म्हणायचे. त्यांनी राखलेला शेवटचा दुधी वाळून खुळखुळा झाला होता. तो फोडून त्यातलंच बी मी लावलं.

यंदा मांडवभर दुधी लोंबताहेत. त्यातला कुठला राखायचा, हे त्यांना नुसत्या टिचकीने कळायचं. मला कळेना. शेवटी त्यांचा जुना सदरा फाडला आणि सगळ्यांनाच चिंध्या बांधल्या.

फोनवर तुम्ही विचारता, "घरची भाजी करून खातेस ना गं?" मी हो म्हणते. हे पत्र पेटीत टाकणार नाही, नाहीतर तुम्ही हातातलं काम टाकून धावत याल.

सगळेच जावई झालेत, ताई. कापायला एकही उरला नाही.

तुमची भावजय