दिवसाचे बदाम संपले

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन केला की तुम्ही काही न बोलता तो आईच्या हातात देता, म्हणून कागदावर लिहितेय. पाकिटावर नाव तुमचं आहे, तेव्हा हे तुम्हालाच वाचावं लागणार!

बाबा, आमचा फोरम सुरू झाला! मी बँकेतली नोकरी सोडली तेव्हा 'लष्कराच्या भाकऱ्या भाजायला चालली' म्हणालात आणि बोलणंच टाकलंत ना, त्याच भाकऱ्यांची ही गोष्ट. दिसत नाही त्यांना मराठी वाचून दाखवणारा आमचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, कुणीही फुकट घ्यावा, कुणीही सुधारावा. इतकी वर्षं सगळी चर्चा मेलवर चालायची. एकाने लिहिलं की लिस्टवरच्या सगळ्यांना जायचं. पण नव्या पोरांना जुनं काही सापडायचं नाही, म्हणून आता सगळं या फोरमवर, म्हणजे गप्पांच्या वेबसाइटवर, विषयवार लावलेलं.

काय भांडणं झाली म्हणून सांगू! साताऱ्याचे उदयसिंहकाका म्हणजे आमच्या लिस्टचे भीष्म. मेल बंद तर मीही बंद, म्हणाले. त्यांना वाशीला बोलावलं, एपीएमसीजवळ मिसळ खायला घातली आणि फोरमलाही मेलने उत्तर देता येतं हे करून दाखवलं. गडी खूश! आता दिवसभर तिथेच पडीक असतात.

शनिवारी घणसोलीच्या माझ्या खोलीवर बसून आमच्या टीममधल्या निशांतने आणि मी जुन्या सगळ्या मेल नव्या जागी चढवल्या. माझी सगळ्यात पहिली, चुकांनी भरलेली मेलसुद्धा आली! मी इतकी नाचले की खालच्या काकू विचारायला वर आल्या.

फोरमवर एक गंमत आहे. काही आवडलं तर लिहायला नको, खालचा बदाम, म्हणजे हार्टचं चिन्ह, दाबायचा. आज सकाळी निशांतने विचारलं, एक मेंबर जरा विचित्र वाटतोय, ब्लॉक करू का? एक अक्षर लिहीत नाही, फक्त तुझ्या जुन्या मेल शोधून एकेकीवर बदाम दाबत सुटलाय. शेवटी दिवसाचे ठरलेले बदाम संपले म्हणून फोरमनेच अडवलं. माणूस नसेल, मशीन असेल, म्हणाला. मी नाव बघितलं. 'नंदकिशोर, नेरूळ.'

अहो बाबा, खातं उघडायचं आमंत्रण आम्ही फक्त लिस्टवरच्या जुन्या लोकांना पाठवलं होतं. म्हणजे तुम्ही कधीपासून वाचत होतात? मेल गुपचूप वाचली तर कळत नाही हो, पण बदाम दाबला की नाव दिसतं! सगळ्यांना! मला हसू आवरेना, आणि मग रडूही आवरेना.

निशांतला कळवलंय, मशीन नाही, ते माझे बाबा आहेत. तुमचं खातं चालू आहे, रोज नवे बदाम मिळतील. पण मला आता बदाम नकोत. रविवारी घरी येतेय. बेल वाजली की आईला पाठवू नका, दार तुम्ही उघडा.

तुमचीच भाकऱ्या भाजणारी,
जाई