लाखेच्या गोदामाची किल्ली

बाबा, काल रस्त्याकडेच्या पळसाला लाख लागलेली दिसली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

गोंदियाच्या बँकेत तुम्ही एजंट, म्हणजे शाखेचे प्रमुख होतात, तेव्हाचा तो उन्हाळा. भाव चढा असताना बँकेने एका लाखेच्या व्यापाऱ्याला सढळ हाताने कर्ज दिलं. तारण म्हणून त्याच्या गोदामातली सगळी लाख, दाराला बँकेचं कुलूप आणि किल्ली तुमच्या कमरेला. मग कलकत्त्याची मागणी आटली आणि भाव कोसळला. आज वाटतं, ते कर्ज चढ्या भावाला दिलं तेव्हाच निम्मं बुडालं होतं. भाव पडला की फेडणाराही खचणार आणि तारणही, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही.

चैत्र सरताना तो व्यापारी आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतो. आई पाणी देते, ते तसंच राहतं. लाखेचे दाणे उन्हाने तापून चिकटायला लागलेत, पोती उघडून लाख पसरली नाही तर सगळ्याची ढेप होईल, मग कुणी विचारणार नाही, असं तो सांगत राहतो. थकलेली रक्कम भरल्याशिवाय कुलूप निघत नाही, असं तुम्ही म्हणता.

“विकल्याबिगर पैसे कुठून आणू, साहेब? तुमचा माणूस उभा करा दाराशी. पण माल मरून राहिला ना आत.”

तो गेल्यावर मी म्हटलं, एकदा उघडायला काय हरकत आहे? तुम्ही ताटावरून नजरही उचलली नाही. बँक दयेवर चालत नाही आणि मुलींनी त्यात तोंड घालू नये, एवढंच म्हणालात. मी भाकरी थापत राहिले.

पुढे कुलूप काढलं तेव्हा लाख पहारीने फोडावी लागली. लिलावात कर्जाच्या पासंगालाही पुरेल एवढं आलं नाही. त्याचा कारखाना गेला, घर गेलं, उरलेली रक्कम बँकेने बुडीत खात्यात टाकली. माल मात्र एका पोत्यानेही कमी भरला नाही, म्हणून वरच्या कचेरीने तुम्हाला शाबासकी दिली. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.

तुम्हाला स्मशानात नेलं त्या दिवशी तो शेजारच्या कुडवा गावाहून पायी आला, खांदा दिला. परतल्यावर अंगणात मला म्हणाला, “साहेबांनी कुलूप खोललं असतं अन् मी माल पळवला असता, तं तुमचंच घर बसलं असतं, पोरी. भाव पडला, त्याले ते काय करतील?”

लोकांना मी सांगते, माझे बाबा सचोटीचे होते. ते खरंच आहे. हे पत्र मात्र घडी करून ठेवून देते, कारण त्याने तुम्हाला केव्हाच माफ केलं, बाबा. मला अजून जमलेलं नाही.