डेल्फीचे दहा कागद

११ ऑगस्ट
मिळाली एकदाची नोकरी! शाळेच्या विशेष वर्गात मदतनीस. पोरांचे हात धुवायचे, बुटांच्या नाड्या बांधायच्या. सगळे मला मिस ऑपल म्हणतात. वर्तनतज्ज्ञ क्रँडलनं विचारलं, या वयात पोरांमागं पळवेल ना? म्हटलं, तुमच्या जिभेइतकं नाही, पण पळेन. मीच वाढवलेली माझी नात डेल्फी गेल्या वर्षी इथल्याच ‘शांत खोलीत’ कोंडलेली असताना दमा चढून गेली, हे इथं कुणाला ठाऊक नाही. मुद्दाम पहिल्या नवऱ्याचं आडनाव लावून आलेय.

१९ ऑगस्ट
पोर बिथरलं तर का बिथरलं ते आधी बघा, असं कायदा सांगतो. इथं दहा दिवस बघून रोज एक कागद भरतात: आधी काय झालं, काय केलं, नंतर काय झालं. त्यावरून योजना: बिथरलं की पोराला कसं आवरायचं, शांत खोलीत कोंडायचं का. आज कपाटात डेल्फीचे दहा कागद सापडले. सगळे क्रँडलचे, एका बैठकीत लिहिलेले. त्यातले चार दिवस तर पोर कांजिण्यांनी माझ्या घरी पडून होती! मेल्यानं तिला बघितलंच नाही.

२६ ऑगस्ट
कागद एका वकीलबाईंना दाखवले. म्हणाल्या, याच्यावर त्याची नोकरी जाईल. नोकरी? एवढंच?

२ सप्टेंबर
कपाटात नवा कागद. मेणखडूनं, डेल्फीच्या वाकड्या अक्षरात. वर नाव क्रँडलचं. आधी: घंटा झाली. काय केलं: खोटं लिहिलं. नंतर: कोरं.

८ सप्टेंबर
शाळा असली की रोज एक येतोय. आज होतं: हात थरथरले. दुपारी त्याचा कॉफीचा कप पडला. मला हसू आलं.

१५ सप्टेंबर
दहावा कागद. नंतर: शांत खोली. जेवणाच्या सुट्टीत क्रँडल आपल्या पायानं आत गेला. दार लागलं. आतून ओरडत होता, मिस ऑपल, उघडा हो! त्या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला. मी बाकं पुसत राहिले.

१६ सप्टेंबर
मेला. हृदय, म्हणे. काळीज गार झालं माझं. घरी आले तर टेबलावर कागद — वर माझं नाव —

१७ सप्टेंबर
आधी: योजना दप्तरातून घरी आली. काय केलं: आजीनं न वाचता सही केली.
खरंय. मीटिंगलाही बोलावलं होतं, गेले नाही. मी अडखळत वाचते, तिथं मोठ्यानं वाचायला लावतील म्हणून —

२४ सप्टेंबर
सातवा. किल्ली जवळ होती, हेही लिहिलंय.

२९ सप्टेंबर
दहावा. आज शाळेत गेले नाही. भर दुपार. न्हाणीत आहे, दार उघडेना — मी लावलं नव्हतं — श्वास — पोरीचं बरोबरच आहे, मीही सही केली होती — पलीकडून खडूचा आवाज येतोय, शेवटच्या रकान्यात ती —