तारेवरच्या ओळी

व्हरमाँट,
९ मार्च १९५७

प्रिय ऑगस्टाबाई,

खूप वर्षांपूर्वी, मार्चातल्या एका सकाळी मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना दाणे टाकले आणि पावाचं पीठ मळत असताना फोन वाजला. दोन लांब घंटा, एक आखूड, म्हणजे फोन तुमच्या घरचा. आपल्या रस्त्यावर सगळ्या घरांना तार एकच, त्यामुळे आम्ही सगळ्याच एकमेकींचं चोरून ऐकायचो. मध्ये बोलायचं नाही, एवढाच नियम. मी पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलला.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे. तुमचं पत्र पोचलं. कवितांचं नवं पुस्तक प्रकाशकाकडून परत आलं, आता लिहिणं बंद, असं म्हणता. "शाळा सांभाळून आयुष्यभर ओळी जुळवल्या, त्या कुणाच्या काय कामी आल्या?" पहिल्या पुस्तकाला बक्षीस मिळालं तेव्हा गावानं तुम्हाला केक दिला आणि पुस्तक कुणी घेतलं नाही, हे खरंच. पण त्या सकाळचं ऐका.

बोस्टनच्या तुमच्या संपादकांना तुम्ही एका विधवेची कविता वाचून दाखवत होतात. शेवटी ती नवऱ्यासारखी शीळ घालते आणि गाई घरी येतात.

साहेब म्हणाले, "शेवटच्या दोन ओळी काढा. फार घरगुती वाटतात."

"अहो, काढू नका!" मी ओरडले.

 मग कोपऱ्यावरच्या मिसेस डॉड म्हणाल्या, "वेल्मा, तोंड मिट! आपण ऐकतो ते कळलं ना आता त्यांना!"

"तुमचंही कळलं, मिसेस डॉड," तुम्ही हसत म्हणालात. "साहेब, ऐकलंत ना? ओळी राहतील."

त्यानंतर तुम्ही फोनवर जरा सावकाश, मोठ्यानं वाचायला लागलात. मी शाळेत फार गेले नाही. अडलेला शब्द पिठाच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवायची आणि मग शब्दकोशात शोधायची. माझं वाचन तिथूनच सुरू झालं. त्याचे आभार इतकी वर्षं राहून गेले.

आणखी एक राहिलंय. माझा नवरा ऑरिन त्या सकाळच्या आधीच्या पानगळीत वारला होता. मार्चात मेपलच्या खोडांत गोड रस चढला, पाकासाठी तो गोळा करायला सगळ्यांच्या झाडांना बादल्या लागल्या. माझ्या मात्र कोठारात पालथ्या पडून होत्या. खोडाला भोक तो पाडायचा, बादली मी टांगायची. "यंदा नाही, पुढेही नाही," असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तुम्ही त्या ओळी ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी मी ऑरिनचं गिरमिट घेतलं, झाडांना भोकं पाडली आणि बादल्या टांगल्या.

अजूनही ऐकत असलेली,
वेल्मा