माझा बँड, हिचं मनगट

३ मार्च, सकाळी ६.१०
वीज कंपनीत दिवसभर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो. आता शरीरच तक्रार करतंय. ऑफिसच्या डॉक्टरांनी बँड दिलाय. पावलं, नाडी, झोप मोजून परस्पर त्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवतो. सहा आठवडे रोज चाळीस मिनिटं भरभर चाललो तर दम वाढेल, झोप सुधारेल, घोरणं कमी होईल म्हणे. हिला सांगितलं नाही. एकदम बारीक होऊनच दाखवणार. बँड बाहीखाली लपवलाय. बूट सापडला. एकच.

४ मार्च
दुसरा सापडला. तोवर ऑफिसची वेळ झाली.

७ मार्च
चाललो! कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. दम लागला म्हणून आत बसलो. डॉक्टरच म्हणाले होते, शरीराचं ऐका. शरीर केक म्हणालं.

१० मार्च
डॉक्टरांचा फोन. दिवसाला नऊशे पावलं, तीही बहुतेक कँटीनच्या दिशेची, म्हणाले. अपमान. बँडच बिघडलेला असणार.

११ मार्च
युक्ती सुचली. ही वाचनालयात कामाला. पुस्तकं घेऊन दिवसभर तीन मजले वर-खाली. बँड पुसून डबीत घातला आणि भेट म्हणून हिला दिला. हिचे डोळे भरून आले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच न मागता काही आणलंत, म्हणाली. मला कसंतरीच झालं. पण हिलाही शोभतो की.

१९ मार्च
रोज तेरा हजार पावलं! ऑफिसच्या फलकावर माझं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ उभं राहावं लागलं, दमलो.

२३ मार्च
ही बँड झोपतानाही काढत नाही. मैत्रिणींना दाखवत फिरते. आज खरं सांगणारच होतो. पण जेवण गार होत होतं.

३ एप्रिल
डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, दम उत्तम, पण झोपेचा पार बट्ट्याबोळ. इतकं चालणारा माणूस ढाराढूर झोपायला हवा. तुम्ही रात्रीतून पाच-सहा वेळा उठता. सलग दोन तास झोप नाही. कसली काळजी आहे एवढी? असं चालू राहिलं तर तब्येत ढासळेल. मी म्हणालो, मला काय माहीत, मी झोपलेला असतो. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

घरी आल्यावर हिला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, अहो, तुमचं घोरणं मध्येच बंद पडतं. मग उठून नाकापाशी हात धरते. श्वास जाणवला की पुन्हा आडवी होते. कधीपासून, विचारलं. झाली असतील चार वर्षं, म्हणाली. घोरण्याचा त्रास नाही हो, थांबण्याचाच होतो.

मला स्वतःची लाज वाटली.

४ एप्रिल
सगळं सांगून टाकलं. ही रागावली असती तर बरं झालं असतं. नुसता बँड काढून टेबलावर ठेवला आणि वाचनालयात गेली. संध्याकाळी मी तो बांधला. उद्यापासून पहाटे चालायचं. हिच्यासाठी.

५ एप्रिल, पहाटे ५.२०
रात्रभर डोळा लागला नाही. ही तीनदा उठली. नाकापाशी हात आला की मी मुद्दाम मोठ्याने श्वास सोडायचो. चौथ्यांदा उठलीच नाही. आत्ता गाढ झोपलीय, तोंड किंचित उघडं. बूट हिच्या बाजूला पलंगाखाली आहेत. ओढले तर आवाज होईल.

उद्या जाईन.