तांड्यासाठी वेगळे पेले

हिंगोली, रविवार संध्याकाळ, जानेवारी २००२

डोकं अजून तापलेलंच आहे. सेनगावच्या पुढे, बंजाऱ्यांच्या तांड्यावर, आज आमच्या ख्रिस्ती मंडळीची नवी शाखा सुरू झाली. तिथलं पहिलं प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरसाचं. आणि जीपमध्ये सामान भरताना आमचे सेक्रेटरी मनोहरदादा यांनी माझ्या हातातला द्राक्षरसाचा मोठा प्याला काढून घेतला आणि स्टीलच्या पेल्यांची पिशवी दिली. "तांड्यावर हे न्या. प्याला इथंच राहू द्या."

काहून? हिंगोलीत आम्ही सगळे त्या एकाच प्याल्यातून पितो. म्हातारे, खोकणारे, सगळे. विचारलं तर म्हणे, "स्वच्छतेचं पाहावं लागतं, सुमनबाई."

स्वच्छतेचं! यांच्याच वडिलांना हॉटेलवाला वळचणीला ठेवलेल्या फुटक्या कपात चहा द्यायचा. दादांनीच भर उपासनेत रडत सांगितलंय. विसरले? की आपल्या खाली कोणी यायची वाटच बघत होते? आणि पाळकसाहेब शेजारीच उभे, जीपवरची दोरी आवळत.

उपासना तांड्यावरच्या शेवंताबाईच्या अंगणात भरली. सगळं उरकल्यावर तिने ते पेले राखेने घासले, पदराने पुसले. "ताई, आमच्यासाठी नवे आणले? यवढा मान आमाले कोणी दिला न्हाई."

मी पेले मोजून पिशवीत भरले.

पुढच्या प्रभुभोजनाला ती हिंगोलीला येणार आहे. वेदीपाशी गुडघे टेकताना तिला दादांच्या उजव्या हाताला बसवीन. आमच्याकडे प्याला उजवीकडून फिरतो. आधी शेवंताबाई पिईल. मग दादा.